हेल्मेट घातलं, तरी डोळे का चुरचुरले?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन नवीन घेतलंय, २.५ आणि ३.१५ मिमीच्या रॉडने गेट, ग्रिल, स्टँड अशी कामं चालू आहेत. मशीनसोबत ऑटो-डार्कनिंग (काच आपोआप गडद होणारं) हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे घेतलेत. अंगावर जीन्स आणि फुल शर्ट असतो. तरी एका रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, झोप लागली नाही, आणि गळ्याखालची कातडी लाल होऊन पुढे सोलली. म्हणून विचारताय की हेल्मेट बोगस निघालं का, काचेचा नंबर वाढवू का, आणि लेदर जॅकेट घ्यावंच लागेल का.

मला यात सामानाच्या कमतरतेपेक्षा फटींचा प्रश्न जास्त दिसतो. काय घातलंय हे आपण बघतो, कुठून उघडं राहतंय ते बघत नाही. आणि जे तुम्ही विचारलेलंच नाही, म्हणजे धूर आणि आवाज, त्याची मला जास्त काळजी वाटते. ठिणगीचा डाग दिसतो, दुखतो, म्हणून खर्च तिकडे वळतो. पण हातावरचा फोड भरून येतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, फुप्फुसाचंही बऱ्याचदा तसंच. मी सामान निवडतो ते याच हिशेबाने: जे भरून येत नाही ते आधी.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. खालचं सगळं सरसकट प्रत्येकाला लागू नाही. टेबलावर बसून पातळ पत्र्याला टिग (एका हाताने फिलर वायर, म्हणजे भरणीची तार, देत करायचं बारीक वेल्डिंग) करणारा आणि शिडीवर उभा राहून डोक्यावरचा जोड मारणारा, या दोघांचे कपडे सारखे असूच शकत नाहीत. तुम्ही रॉडचं वेल्डिंग करता, बहुतेक जॉब जमिनीवर किंवा घोडीवर, असं धरून लिहितो. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

डोळ्यांपासून सुरू करू. काम संपल्यावर काही तासांनी डोळे चुरचुरणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं, ही आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झगझगीत ज्योतीच्या, अतिनील किरणांनी कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) झालेली इजा. लक्षणं उशिरा येतात म्हणून ती कशामुळे झाली ते चटकन लक्षात येत नाही. आता हेल्मेट बघा. ऑटो-डार्कनिंग काचेत दोन वेगळी कामं होतात. गडद होणं हे लिक्विड क्रिस्टलचं काम. त्याला बॅटरी किंवा सोलर सेल लागतो, आणि चांगल्या हेल्मेटमध्ये ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकतं. अतिनील आणि अवरक्त किरण अडवायचं काम मात्र काचेतल्या कायमच्या फिल्टरचं. बॅटरी संपलेली असली तरी तो फिल्टर आपलं काम करतच असतो. म्हणजे प्रमाणित हेल्मेटची काच एखाद्या वेळी उशिरा गडद झाली तर डोळे दिपतील, नजरेपुढे हिरवा-जांभळा ठिपका नाचेल, पण रात्री वाळू टोचणार नाही. तुम्हाला वाळू टोचली. हेल्मेटवर ईएन ३७९, नवं आयएसओ १६३२१ किंवा एएनएसआय झेड८७.१ या मानकांपैकी एकाचा खरा शिक्का असेल, तर किरण काचेतून आले नाहीत, काचेला वळसा घालून आले. शिक्काच नसेल तर ते हेल्मेट वापरू नका, मग ते कितीही पटकन गडद होवो.

वळसा घालून येण्याची पहिली वाट म्हणजे टॅक, तुकडे जागेवर धरून ठेवायला मारलेला छोटा टाका. अँगल जुळवून एका हाताने धरलाय, हेल्मेट डोक्यावर सरकवलेलं आहे, ‘एकच तर टॅक आहे’ म्हणून मान फिरवून रॉड टेकवला. क्षणभराचंच काम. पण चौकट जुळवताना असे टॅक दिवसभर पडतात आणि त्या दिवसाचा डोस डोळ्यांत साचत जातो. दुसरी वाट मागची. मागे पांढरी भिंत किंवा चकचकीत पत्रा असेल तर त्यावरून उलटलेला उजेड हेल्मेटच्या मागच्या उघड्या बाजूने आत शिरतो आणि काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यांत येतो. तिसरी वाट शेजारच्या वेल्डरची. तुम्ही हेल्मेट वर करून माप घेत असता आणि तो आपला आर्क मारत असतो.

यावर उपाय स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा कुणी तो मनावर घेत नाही. साइड शील्ड असलेला पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक सेफ्टी गॉगल हेल्मेटच्या आत घालायचा आणि काम संपेपर्यंत काढायचा नाही. पॉलिकार्बोनेट जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं. आर्ककडे सरळ बघायला तो अजिबात पुरेसा नाही, पण बाजूने आलेल्या उजेडाला पुरतो. दुसरा फायदा स्लॅगचा, म्हणजे वेल्डवर जमणाऱ्या कठीण कवचाचा. वेल्ड थंड होत असताना स्लॅगचा थर कधी कधी आपणहून तडकतो आणि त्याची गरम कपची टणकन उडते. ती उडते नेमकी तेव्हा, जेव्हा आपण हेल्मेट वर करून जोड कसा बसलाय ते वाकून बघत असतो. स्लॅग काढायला चिपिंग हॅमर मारताना तर हे होणारच.

मध्येच काच उघडत असेल तर सेन्सर बघा. ते काचेच्या भोवती असतात, आणि पाइपच्या मागे किंवा कोपऱ्यात काम करताना पाइप किंवा स्वतःचाच हात त्यांच्या आड येतो. दोनऐवजी चार सेन्सर असलेलं हेल्मेट अशा कामाला बरं पडतं. कमी अँपिअरच्या टिगला तर सेन्सिटिव्हिटी वाढवावीच लागते. कॉन्टॅक्ट लेन्स आर्कने वितळून डोळ्याला चिकटते अशी एक गोष्ट वेल्डरांमध्ये फिरते. तसं काही होत नाही. लेन्सखाली धूळ अडकण्याचा त्रास मात्र खरा आहे.

काचेचा नंबर वाढवू का, तर त्याने तुमचा त्रास जाणार नाही. नंबर म्हणजे दिसणारा उजेड किती कमी करायचा त्याचं माप. १० नंबरची काच दिसणाऱ्या उजेडाचा साधारण ०.०१४ टक्का भाग आत सोडते. २.५ मिमीच्या रॉडला ७०-९० अँपिअर लागतो, तिथे १० नंबर ठीक. ३.१५ मिमीला १०० ते १३० अँपिअरवर १० किंवा ११. यापेक्षा वर गेलं तर सुरक्षा वाढत नाही, दिसणं कमी होतं. आणि दिसेना झालं की माणूस काय करतो? जवळ जातो. तोंड थेट धुरात जातं. म्हणून गडद नंबरापासून सुरू करून एकेक खाली या. वितळलेल्या धातूचं डबकं आणि त्याच्या कडा स्वच्छ दिसल्या की थांबा, पण या अँपिअरला दिलेल्या किमान नंबराच्या, म्हणजे रॉडसाठी ८ च्या खाली जाऊ नका. गॅस कटिंगचा हिशेब वेगळा. तिथे साधारण ३ ते ६ नंबर चालतो, पण त्याच चष्म्याने आर्क बघायचा नाही.

पुन्हा डोळे लागलेच तर चोळू नका, थंड पट्टी ठेवा, अंधारात पडून राहा. साधारण एक-दोन दिवसांत उतरतं. बधिर करणारे थेंब कुणाकडून मागून परत परत घालू नका, त्याने कॉर्निया भरायला उशीर होतो आणि इजा वाढते. एकाच डोळ्यात टोचत असेल, ग्राइंडिंगनंतर सुरू झालं असेल किंवा नजर धूसर असेल तर तो आर्क नसून लोखंडाचा कण असू शकतो. तेव्हा वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आता गळा. तिथली कातडी ठिणगीने भाजली नाही, किरणांनी भाजली. ठिणगी ठिपके पाडते. सरसकट लाल होऊन सोलणं हे किरणांचं काम. शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं की हेल्मेटची हनुवटी आणि कॉलर यांच्यामध्ये एक त्रिकोण उघडा राहतो, आणि जमिनीवरच्या जॉबवर वाकलं की तो आर्कच्या अगदी समोर येतो. बटण लावा. तरी फट राहत असेल तर हेल्मेटला खालून लावायची चामड्याची झालर मिळते ती लावा.

शर्टाचं कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडचा उजेड दिसत असेल तर किरणही आत येतील. दाट विणीचं, जाड, शंभर टक्के सुती कापड हवं. रंग गडद असावा, कारण फिकट शर्टावरून उलटलेला उजेड हेल्मेटच्या आत वर जातो. पॉलिस्टर आणि नायलॉन पूर्ण बंद. सुती कापडाला ठिणगीने भोक पडतं, कडेने धुमसतं, झटकता येतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि ओढलं की कातडीसकट येतं. आतल्या बनियनलाही हेच लागू. जीन्सचं लेबल वाचा. हल्ली ताणल्या जाणाऱ्या बहुतेक जीन्समध्ये सिंथेटिक धागा मिसळलेला असतो. गुडघ्याला फाटलेली, धागे लोंबणारी जीन्स वेल्डिंगला नको, कारण सुटा धागा वातीसारखा पेट घेतो. ग्रीस-तेलाचे डाग असलेली तर नकोच.

पायघडी दुमडलेली असेल तर उलगडा, आणि शर्टाच्या बाह्याही. ३.१५ च्या रॉडचा लाल गोळा दुमडीत पडला की तो बाहेर पडत नाही, तिथेच बसून कापड खात जातो, आणि हेल्मेटमधून खाली दिसत नसल्याने चटका बसेपर्यंत कळत नाही. छातीच्या उघड्या खिशाचंही तेच. खिशाला फ्लॅप हवा. लायटर, काडेपेटी आधी काढून ठेवा. पँट बुटांवरून खाली यायला हवी, बुटांत खोचायची नाही. बूट घोट्याच्या वरचे, चामड्याचे. जाळीचे स्पोर्ट्स शूज घालून वेल्डिंग करणारे बघितले की मला नवल वाटतं, ते ठिणग्यांसाठी केलेलं गाळणंच आहे.

लेदर जॅकेट घ्यावंच का? तुमच्या आत्ताच्या कामाला नाही. जॉब खाली, करंट १३० अँपिअरपर्यंत, असं असेल तर दाट सुती कपड्यांवर चामड्याचा एप्रन आणि चामड्याच्या बाह्या पुरतात. जिथे ठिणग्या वरून अंगावर पडतात, म्हणजे डोक्यावरचा जोड, उभ्या जोडाचं वरचं काम, गॅस कटिंग, गाउजिंग (आर्कने धातू खरवडून काढणं), जास्त करंटचं मिग (रिळावरच्या तारेचं वेल्डिंग), तिथे पूर्ण चामडं लागतं, खांदे आणि मान झाकणारी टोपीसुद्धा. आयएसओ ११६११ या मानकात वेल्डिंगच्या कपड्यांचे दोन वर्ग केलेत. वर्ग १ कमी ठिणग्यांच्या कामाला, वर्ग २ जास्त ठिणग्या आणि उष्णतेच्या कामाला. कपडे विकत घेताना हा शिक्का बघा. अग्निरोधक प्रक्रिया केलेलं कापड ‘पेटत नाही’ असं नसतं. ठिणगी गेली की ते आपणहून विझतं, एवढाच अर्थ. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनरने तो गुण जातो.

जड जॅकेट सगळ्यांनी घ्यावं असं मी सांगत नाही, त्याला कारण आहे. उकाड्यात ते पंधरा मिनिटांत उघडलं जातं आणि बाजूला लटकतं. शिवाय आत घाम साचतो, आणि घामाने ओलं चामडं वीज अडवत नाही. रॉडच्या मशीनवर आर्क नसताना होल्डरला ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. कोरड्या हाताला ते कदाचित जाणवणारही नाहीत. ओला हातमोजा घालून, ओल्या जमिनीवर गुडघा टेकून रॉड बदलताना मात्र त्यांनीच करंट छातीतून जाऊ शकतो. म्हणून हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा, एक वापरात, एक वाळत. लोखंडी जॉबवर बसून काम करायचं झालं तर खाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट घ्या. मशीनला व्हीआरडी (आर्क नसताना होल्डरचे व्होल्ट कमी करणारी सोय) असेल तर चालू ठेवा. केबल खांद्यावर किंवा अंगाभोवती गुंडाळून काम करू नका. आणि ज्याला पेसमेकर आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आर्कजवळ थांबूच नये.

हातमोज्यांबद्दल अजून एक. तुमचे जाड, लांब कफाचे आहेत ते रॉडला बरोबर. टिगला ते चालणार नाहीत, तिथे बकऱ्याच्या पातळ चामड्याचे लागतात, नाहीतर फिलर वायर बोटांत धरताच येत नाही. गरम तुकडा हातमोज्याने उचलायची सवय लावू नका. चामडं आकसतं, कडक होतं, आणि मग तो हातमोजा चिमट्याचं कामही करत नाही आणि हातमोज्याचंही. चिमटा वापरा. ड्रिल मशीनवर हातमोजे काढा. ग्राइंडरवर ढगळ, लांब कफाचे नकोत, ते चाकात खेचले जातात.

आता धूर. रॉडच्या धुराचा बहुतेक भाग जॉबमधून नाही, रॉडमधून आणि त्याच्या फ्लक्समधून, म्हणजे वरच्या लेपातून येतो. त्यामुळे ‘साधं तर लोखंड आहे’ हा दिलासा खोटा आहे. त्यात मँगनीज असतं, स्टेनलेसच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) आणि निकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात घातला. त्यात लोखंड-स्टील असा भेद केलेला नाही.

तोंडाला रुमाल बांधून याचं काही होत नाही. धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, कापडाच्या विणीतून ते सरळ जातात. हेल्मेटखाली बसणारा हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा रबरी मास्क) आणि त्याला पी३ किंवा पी१०० दर्जाचा बारीक कण अडवणारा फिल्टर, ही मी सुचवीन ती पहिली खरेदी. ते जमेपर्यंत निदान एफएफपी२ किंवा एन९५ मास्क. दाढी वाढलेली असेल तर कोणताच घट्ट मास्क नीट बसत नाही, हवा कडेने येते. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने हवा आत ढकलणारं सैल हुडचं हेल्मेट लागतं, ते महाग पडतं.

पण मास्कच्याही आधी डोकं कुठे ठेवता ते बघा. धूर सरळ वर जातो. डोकं जॉबच्या बरोबर वर न ठेवता जरा बाजूला ठेवलं तर निम्मं काम होतं. वारा पाठीमागून नको. पाठीवर आपटलेली हवा अंगापुढे भोवरा करते आणि धूर तोंडाशी आणून सोडते. वारा आडवा हवा. धूर खेचणारा पाइप लावणार असाल तर जोडाच्या अगदी जवळ. नुसत्या पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं की ओढ साधारण एक दशांश उरते. म्हणून भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन खोलीची हवा बदलतो, तुमच्या नाकापुढचा धूर नेत नाही. मिग-टिग करत असाल तर जोरदार पंखा आर्कवर सोडू नका, जोडाला हवेपासून वाचवणारा शील्डिंग गॅस उडून जोडात छिद्रं पडतात.

दोन ठिकाणी मी जास्त कडक आहे. एक, जस्त चढवलेला पाइप. त्याचा पांढरा धूर घेतला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, दिवस-दीड दिवसात उतरतो. म्हणून लोक तो मनावर घेत नाहीत. दूध प्यायलं की बाधत नाही असं सांगणारेही खूप. धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात. जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच जस्त घासून काढा, मगच आर्क मारा. घासताना मास्क हवाच. दुसरं, क्लोरीनयुक्त क्लीनर. ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन किंवा काही ब्रेक क्लीनरने जॉब पुसला आणि त्याची वाफ आर्कच्या किरणांत सापडली तर फॉस्जीन तयार होतो. हा वायू जीव घेतो, आणि छातीचा त्रास बरेच तासांनी सुरू होतो. धुळीचा फिल्टर या वायूला अडवत नाही. डब्यावर ‘क्लोरिनेटेड’ किंवा नावात ‘क्लोरो’ असेल तर ते वेल्डिंगच्या जागेत आणूच नका. टाकी, खड्डा, बंद खोली यांत आर्गॉनसारखा जड वायू तळाला साचून श्वास कोंडतो. अशा जागी एकट्याने, हवेची सोय न करता उतरायचं नाही, मास्क असला तरी.

कानांचं पटकन. ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ च्या वर रोज तासन्‌तास राहिलं तरी ऐकू येणं कमी होत जातं. वेल्डिंगमध्ये आणखी एक कारण आहे: डोक्यावरच्या किंवा कडेच्या कामात ठिणगी थेट कानात जाऊन पडद्याला भोक पाडू शकते. इअरप्लग किंवा इअरमफ लावा. ग्राइंडिंग करताना गॉगलवर फेसशील्डही हवी, चाकाचं गार्ड काढायचं नाही. हेल्मेटला ग्राइंड मोड (काच गडद होऊ न देणारी सेटिंग) असेल तर परत वेल्डिंगला येताना तो बंद केलाय ना बघा.

तर खर्चाचा क्रम सांगायचा झाला तर असा: आधी पारदर्शक गॉगल आणि इअरप्लग, दोन्ही मिळून फार पैसे जात नाहीत. मग फिल्टरवाला हाफ मास्क. मग दाट सुती शर्ट-पँटचा एक जोड, फक्त वेल्डिंगसाठी ठेवलेला, आणि घोट्यावरचे बूट. मग एप्रन आणि चामड्याच्या बाह्या. हातमोज्यांची दुसरी जोडी. हेल्मेट तुमच्याकडे आहे, त्याची पुढची प्लास्टिकची संरक्षक काच मात्र ठिपके पडून धूसर झाली की बदला. ती खराब झाली की नंबर गडद झाल्यासारखा वाटतो आणि माणूस पुन्हा जॉबवर वाकतो.

कामाच्या जागेत दुसरं कुणी असेल तर वेल्डिंगचा पडदा लावा. हेल्पर जॉब धरून उभा असतो, त्याच्याकडे बऱ्याचदा काहीच नसतं, आणि रात्री डोळे त्याचेही दुखतात. त्यालाही गॉगल आणि हेल्मेट द्या. आसपास सुमारे ११ मीटरपर्यंत ठिणगी उडत जाऊ शकते, तेवढ्यातला कागद, फोम, थिनर, लाकडाचा भुसा हलवा किंवा झाका. बादलीभर पाणी आणि एक अग्निशामक हाताशी ठेवा. पाणी धुमसत्या लाकूड-कापडावर, चालू मशीनवर नाही. काम संपल्यावर अर्धा-एक तास कुणीतरी तिथे थांबायला हवं. कोपऱ्यातल्या चिंधीत शिरलेली ठिणगी लगेच दिसत नाही.